जामीन मिळाला, तरी माणूस आत का राहिला?

काठीहून आम्ही बोलतोय. मागच्या काही भागांत आपण कर्जाचे हप्ते, परसबाग आणि मुलींच्या शाळेबद्दल बोललो. आजचा विषय जरा जड आहे. तुरुंग, जामीन आणि न्याय. असले विषय बचत गटाच्या बैठकीत कशाला, असं आम्हालाही वाटायचं. पण गेल्या वर्षी हा विषय आपल्या पायांनी चालत आमच्या बैठकीत आला.

दर महिन्याच्या पाच तारखेला आमची बैठक असते. त्या दिवशी गटातली एक बाई उशिरा आली. तिचं नाव आम्ही सांगणार नाही, आपण तिला वहिनी म्हणू. सगळ्यांची बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले, तरी ती काही बोलेना. शेवटी म्हणाली, "मला आठ हजार पाहिजेत. आजच पाहिजेत."

दिवाळीनंतर तिचा नवरा ऊसतोडीला गुजरातेत गेला होता. आपल्या अक्कलकुवा आणि धडगावच्या पट्ट्यातून किती घरं अशी जातात ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथे एका शेतातल्या पंपाची केबल चोरीला गेली. पोलिसांनी टोळीतल्या तिघांना उचललं, त्यात हा होता. बाराव्या दिवशी कोर्टाने त्याला जामीन दिला. वहिनीला वाटलं, आता दोन दिवसांत घरी येईल. पण दोन महिने झाले तरी तो आतच होता. कोर्टाने जामीनदार मागितला होता. जामीनदार तिथलाच हवा, त्याच्याकडे जमिनीचे कागद हवेत आणि ऐपतीचा दाखला हवा. तिथे त्याला ओळखणारं कोण? मुकादमाने फोन उचलणं बंद केलं होतं. मग कोर्टाबाहेर एक माणूस भेटला. तो म्हणाला, आठ हजार द्या, जामीनदार मी उभा करतो.

आम्ही ठराव वहीत ठराव लिहिला आणि आठ हजारांचं अंतर्गत कर्ज दिलं. त्यावर आमच्या सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे आहेत. तो माणूस पैसे घेऊन गेला. जामीनदार आला नाही आणि तो माणूसही पुन्हा दिसला नाही. ती चूक वहिनीची एकटीची नव्हती, आमचीही होती. जामीन म्हणजे काय, पैसे कुठे भरायचे, वकील कोण देतो, यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं आणि आम्ही कोणाला विचारलंही नाही. त्यानंतर आम्ही जे शिकलो तेच आज तुम्हाला सांगतोय.

कच्चा कैदी आणि पक्का कैदी

तुरुंगात दोन प्रकारचे लोक असतात. ज्याचा खटला चालला, गुन्हा सिद्ध झाला आणि शिक्षा झाली तो पक्का कैदी. ज्याच्यावर नुसता आरोप आहे आणि ज्याचा निकाल लागलेला नाही तो कच्चा कैदी. सरकारी कागदात त्याला न्यायाधीन बंदी म्हणतात.

आम्हाला वाटायचं, तुरुंगात बहुतेक पक्के कैदीच असणार. खरी गोष्ट उलटी आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ सालचा अहवाल सांगतो की त्या वर्षअखेरीला देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती. त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे चार कैद्यांतल्या तिघांवर गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. जिथे शंभर माणसांची जागा आहे तिथे एकशे एकतीस माणसं होती. बायकांची संख्या साडेतेवीस हजारांच्या वर होती. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईसोबत आत राहू शकतं, त्यामुळे काही बाळंही तिथेच असतात.

आपल्याकडे कोणी पकडलं गेलं की दुसऱ्या दिवशी मोलगीच्या बाजारात "त्याला तर जेल झाली" अशी चर्चा सुरू होते. जेल झाली म्हणजे शिक्षा झाली असंच आपण धरतो. पण कायदा तसं धरत नाही. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, ही कायद्याची पहिली पायरी. वहिनीच्या नवऱ्याने केबल चोरली की नाही, आम्हाला माहीत नाही. ते ठरवायचं काम कोर्टाचं आहे आणि तो खटला अजून चालू आहे. पण ते ठरण्याआधीच त्याचे चार महिने आत गेले. शेजारच्या खोलीत त्याच आरोपाचा दुसरा माणूस होता. त्याच्या घरची जमीन त्याच तालुक्यात होती. त्याचा भाऊ सातबारा घेऊन आला आणि तिसऱ्या दिवशी तो सुटला. आरोप दोघांवर एकच, फरक फक्त कागदाचा.

जामीन म्हणजे नक्की काय

जामीन म्हणजे सुटका नव्हे, माफीही नव्हे. जामीन म्हणजे शब्द देणं. "मला घरी राहू द्या, मी प्रत्येक तारखेला कोर्टात हजर राहीन" असा तो शब्द. कोर्टाला त्या शब्दाची खात्री हवी असते. ती तीन तऱ्हांनी देता येते.

पहिली तऱ्हा जातमुचलक्याची. माणूस स्वतःच लिहून देतो की मी हजर राहिलो नाही तर इतकी रक्कम भरीन. दुसरा कोणी लागत नाही. दुसरी तऱ्हा जामीनदाराची. कोणीतरी दुसरा माणूस लिहून देतो की हा आला नाही तर मी भरीन. इथे नीट ऐका, जामीनदाराला ती रक्कम आधी भरावी लागत नाही. तो आपली ऐपत दाखवतो आणि सही करतो. तिसरी तऱ्हा रोख जामिनाची. त्यात कोर्टात पैसे भरायचे, त्याची पावती घ्यायची आणि माणूस सगळ्या तारखांना हजर राहिला तर खटला संपल्यावर ते पैसे परत मिळतात.

या तिन्हींत कोर्टाबाहेरच्या माणसाच्या हातात पैसे द्यायचे असं कुठेच नाही. खोटा जामीनदार उभा करणं हा उलट गुन्हा आहे. जिथे पावती नाही तिथे पैसा द्यायचा नाही. गटाच्या कर्जाला आपण हा नियम लावतो, तोच इथेही लावायचा.

आता आपल्या भागाची खरी अडचण. आपल्यातल्या कित्येक घरांकडे सातबारा नाही, वनपट्टा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाने मुलांना जातो, पण तो विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. म्हणून जामिनासाठी तो पुढे केला की समोरचा मान हलवतो. शेत आहे, पेरणी आहे, पीक आहे, पण जामिनाच्या कागदावर आपण कंगाल. त्यात अटक दुसऱ्या राज्यात झालेली असेल तर जामीनदार "तिथला" मागतात.

यावर सुप्रीम कोर्टाने फार पूर्वी, १९७८ साली बोलून ठेवलंय. मध्य प्रदेशात मोतीराम नावाचा एक गवंडी होता. त्याला जामीन मिळाला, पण खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला. त्या काळात गवंड्याला दहा हजार म्हणजे डोंगर. त्याचा भाऊ जामीन राहायला आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला परत पाठवलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे एवढ्यावरून त्याला नाकारता येणार नाही आणि गरिबाला झेपणार नाही एवढी रक्कम मागणं हा न्याय नाही. मोतीरामला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडलं. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा बजावलं की स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरल्यामुळे सुटका लांबते, अशा ठिकाणी ती अट घालू नये.

इतकं स्पष्ट असूनही वहिनीचा नवरा आत का राहिला? कारण हे कोर्टासमोर जाऊन सांगणारं त्याच्या बाजूने कोणी नव्हतं. हक्क होता, पण तो मागितला गेला नव्हता.

मोठ्या देशात तरी बरं असेल का

आमच्या गटातल्या एका शिकलेल्या मुलीने विचारलं, "ताई, अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात असं नसेल ना?" आम्ही वाचलं, विचारलं, आणि जे कळलं त्याने आम्हीही चकित झालो.

अमेरिकेत सुमारे एकोणीस लाख माणसं कोठडीत किंवा तुरुंगात आहेत. तिथे बऱ्याच राज्यांत जामीन म्हणजे थेट रोख रक्कम. ज्याच्याकडे आहे तो भरतो आणि घरी जातो. ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी जामिनाचा धंदा करणाऱ्या कंपन्या आहेत. साधारण रकमेचा दहावा हिस्सा त्या फी म्हणून घेतात आणि जामीन राहतात. माणूस निर्दोष सुटला तरी ती फी परत मिळत नाही. आमच्या आठ हजारांसारखंच, फरक एवढाच की तिथे हे पाटी लावून चालतं.

न्यूयॉर्क शहरातल्या कलीफ ब्राउडर नावाच्या मुलाची गोष्ट तिथे घराघरात माहीत झाली. २०१० साली तो सोळा वर्षांचा होता. एक पाठीवरची पिशवी चोरल्याच्या आरोपावरून त्याला पकडलं. तो म्हणत राहिला की मी चोरी केली नाही. जामीन होता तीन हजार डॉलर, घरच्यांकडे तेवढे नव्हते. रायकर्स बेटावरच्या तुरुंगात तो जवळजवळ तीन वर्षं राहिला, त्यातला बराच काळ एकट्याच्या कोठडीत. मध्ये त्याला सांगितलं गेलं की गुन्हा कबूल कर आणि घरी जा. त्याने नकार दिला. २०१३ मध्ये खटला न चालवताच आरोप मागे घेतले. तो घरी आला, पण मनाने सावरला नाही. २०१५ मध्ये, बावीस वर्षांचा असताना, त्याने स्वतःचा जीव घेतला.

"गुन्हा कबूल कर आणि घरी जा." मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्याकडेही ऐकू येतं. आत राहिलो तर मजुरी बुडते, पोरं उपाशी राहतात, मग न केलेलंही माणूस कबूल करून टाकतो. कोर्टाच्या वहीत तो गुन्हेगार म्हणून लिहिला जातो आणि पुढच्या वेळी गावात काही झालं की पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात. म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय कबुली द्यायची नाही आणि कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा करायचा नाही.

तिथे काही बदललंही आहे. १९६३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकारने वकील द्यायचा. तो निकाल ज्या अर्जावर लागला तो गिडियन नावाच्या एका गरीब कैद्याने तुरुंगात बसून पेन्सिलीने लिहिला होता. आणि सप्टेंबर २०२३ पासून इलिनॉय राज्याने रोख जामीन पूर्ण बंद केला. आता तिथे न्यायाधीश एवढंच बघतात की हा माणूस पळून जाईल का आणि याच्यापासून कोणाला धोका आहे का. खिशात किती आहेत हे बघत नाहीत.

आपल्याकडे बायकांनी काय केलं

आपल्या देशात या प्रश्नाला पहिल्यांदा हात घालणाऱ्यांत बायका होत्या. १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांचं प्रकरण सुप्रीम कोर्टात आलं. कपिला हिंगोरानी या वकीलबाईंनी वर्तमानपत्रातल्या बातम्या घेऊन अर्ज केला. त्यात हुसैनआरा खातून नावाची एक कैदी बाई होती आणि तिच्याच नावाने तो खटला ओळखला जातो. गुन्ह्याला जेवढी शिक्षा झाली असती त्याहून जास्त दिवस कित्येक जण खटल्याविना आत होते. कोर्टाने सांगितलं की खटला लवकर चालणं आणि गरिबाला फुकट वकील मिळणं हा माणसाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्यानंतर हजारो कैदी सुटले.

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली. शीला बारसे या मुंबईच्या पत्रकार. तुरुंगातल्या पंधरा बायकांशी त्या बोलल्या. पाच जणींनी सांगितलं की पोलीस कोठडीत त्यांना मारहाण झाली होती. शीलाताईंनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं आणि कोर्टाने ते पत्रच अर्ज म्हणून धरलं. फेब्रुवारी १९८३ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की बायकांची कोठडी वेगळी हवी, तिथे पहाऱ्याला महिला पोलीस हव्यात आणि बाईची चौकशी महिला पोलिसांसमोरच व्हायला हवी. कोणालाही अटक झाली की पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला लगेच कळवावं. आणि आरोपीला पहिल्यांदा समोर आणतील तेव्हा न्यायाधीशाने त्याला विचारावं की तुला मारहाण झाली का.

आणि २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी, आपल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू सुप्रीम कोर्टाच्या कार्यक्रमात बोलल्या. त्या संथाल आदिवासी कुटुंबातल्या आहेत. लिहून आणलेलं भाषण झाल्यावर त्या मनातलं बोलल्या. किरकोळ कारणांनी वर्षानुवर्षं तुरुंगात पडलेल्या गरिबांकडे बघा, असं त्यांनी समोर बसलेल्या न्यायाधीशांना सांगितलं. खटल्यात घरदार विकावं लागेल या भीतीने घरचे लोक त्यांना सोडवायला येत नाहीत, हेही त्या बोलल्या. आमच्या गटात ते भाषण मोबाईलवर ऐकताना वहिनी शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "बाईंना आमच्या घरचं कोणी सांगितलं?"

न्याय दोन्ही बाजूंना

आता कोणी म्हणेल, तुम्ही चोरांची बाजू घेता का? हा प्रश्न आमच्या बैठकीतही आला आणि तो बरोबरच आहे. ज्या शेतकऱ्याची केबल गेली त्याचं पीक वाळलं असेल. ज्या बाईला डाकीण म्हणून मारलं तिचं काय? आपल्या जिल्ह्यात हे अजून होतं. अशा बाईला गावातल्या पंचांवर सोडून चालत नाही. पंच भांडण मिटवतात, दंड ठरवतात, दोन्हीकडची माणसं एका जागी बसवतात. ही चांगली रीत आहे, भाऊबंदकीच्या कित्येक कटकटी तिने संपतात. पण त्या बैठकीत बायकांना बोलू देतात का, हे आपल्याला माहीत आहे. अंगावर हात टाकला, डाकीण ठरवलं, मुलीवर जबरदस्ती झाली, तर पोलीस आणि कोर्टच हवं. डाकीण ठरवून छळणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तिथे शिक्षा व्हायलाच हवी.

आमचं म्हणणं एवढंच की शिक्षा गुन्हा सिद्ध झाल्यावर असावी, आणि गुन्ह्याची असावी, गरिबीची नसावी. ज्याच्यापासून कोणाला धोका आहे त्याला कोर्टाने आत ठेवावं. पण ज्याला सोडायचं असं कोर्टानेच ठरवलंय, तो एका कागदापायी आत राहिला तर फिर्यादीलाही त्यातून काही मिळत नाही. त्या शेतकऱ्याची केबल परत आली नाही. इकडे वहिनीने तीन शेळ्या विकल्या आणि मोठ्या मुलीने धाकट्या भावंडांसाठी दोन महिने शाळा सोडली. त्या पोरीवर तर कोणताच आरोप नव्हता.

मग तो सुटला कसा

आठ हजार बुडाल्यावर आम्ही तालुक्याच्या कोर्टात गेलो. आत पाऊल टाकायला भीती वाटत होती. चार जणी होतो म्हणून गेलो. तिथे विधी सेवा समितीचं काम चालतं. त्यांनी सांगितलं की १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोठडीत असलेल्या कोणालाही मोफत वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हे देशात सगळीकडे लागू आहे, त्यामुळे गुजरातेतल्या तुरुंगातल्या माणसालाही तिथल्या जिल्ह्याचं प्राधिकरण वकील देतं. त्यांनी आमच्यासमोर १५१०० या नंबरावर फोन लावून दिला. हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदतीचा नंबर आहे. अर्ज साध्या कागदावर लिहिला. नाव, गाव, कोणत्या पोलीस ठाण्याचा गुन्हा, गुन्हा नंबर, कोणता तुरुंग, जामीन कधी झाला, एवढंच.

तिथल्या वकिलाने कोर्टात अर्ज दिला की जामीन होऊन महिना उलटला आहे, जामीनदार मिळत नाही, अट सैल करावी. जानेवारी २०२३ च्या त्या निकालातच हे लिहिलंय. जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधिकाऱ्याने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्याभरात जामीन भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. कोर्टाने त्याला जातमुचलक्यावर सोडलं. आम्हाला त्यासाठी एक रुपया द्यावा लागला नाही.

तो घरी आला तेव्हा काठीची होळी होऊन आठ दिवस झाले होते. आपल्या राजवाडी होळीला सातपुड्यातून माणसं येतात, रात्रभर ढोल वाजतात आणि पहाटे होळी पेटते. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तो त्या रात्री गावात नव्हता. आता तो प्रत्येक तारखेला जातो. जाण्या-येण्यात दोन दिवसांची मजुरी बुडते, पण तो चुकवत नाही. शब्द दिलाय म्हणतो.

आठ हजारांचं कर्ज वहिनी दरमहा पाचशे करून फेडते. व्याज गटाने माफ केलं. ते कर्ज देताना विचारायचं आम्हीच विसरलो होतो, मग व्याज कोणत्या तोंडाने घ्यायचं?

एवढं लिहून ठेवा

ही माहिती ठराव वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेतल्या मुलीकडून लिहून घ्या.

पहिलं. पकडताना पोलिसांनी कारण सांगायला हवं आणि घरच्यांना कळवायला हवं. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत माणसाला न्यायाधीशासमोर उभं करायला हवं. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अगदी अपवाद असेल तर न्यायाधीशाची आधी परवानगी हवी आणि महिला अधिकारी हवी.

दुसरं. गुन्हा जामीनपात्र आहे की अजामीनपात्र, हे पोलीस ठाण्यातच विचारा. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. त्यात आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही तर तो माणूस गरीब आहे असं धरून त्याला स्वतःच्या हमीवर सोडायचं, असं कायदा म्हणतो.

तिसरं. अटकेची तारीख लिहून ठेवा. पोलिसांनी ठरलेल्या मुदतीत आरोपपत्र दिलं नाही तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. ही मुदत बहुतेक गुन्ह्यांत साठ दिवस, फार गंभीर गुन्ह्यांत नव्वद दिवस आहे. पण तो मागावा लागतो, आपोआप मिळत नाही.

चौथं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा नवा कायदा आला. त्याचं कलम ४७९ सांगतं की आधी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा तिसरा हिस्सा आत काढला की त्याला सोडायचं. म्हणजे शिक्षा तीन वर्षांची असेल तर एक वर्ष. आधी शिक्षा झालेली असेल तर निम्मा काळ. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तर अडचण येते. हा अर्ज कोर्टाकडे पाठवणं तुरुंग अधिकाऱ्याचं काम आहे, पण आपण आठवण करून द्यायची.

पाचवं. पैशाअभावी जामीन भरता येत नसेल तर केंद्र सरकारची गरीब कैद्यांसाठी २०२३ पासून योजना आहे. जिल्ह्याची समिती पात्र कैद्याची रक्कम भरते. विधी सेवा प्राधिकरणात त्याची चौकशी करा.

सहावं. आधार कार्ड, रेशन कार्ड, वनपट्टा किंवा सातबारा यांच्या दोन-दोन प्रती घरात ठेवा. माणूस ऊसतोडीला जाताना मुकादमाचं पूर्ण नाव, गाव, कारखाना आणि जवळचं पोलीस ठाणं लिहून घ्या. हे पाच मिनिटांचं काम आहे. आम्ही केलं असतं तर पहिले पंधरा दिवस त्याला शोधण्यात गेले नसते.

आणि कोणी जामीनदार राहायला सांगितलं तर लगेच हो म्हणू नका, लगेच नाहीही म्हणू नका. तो माणूस तारखेला जाईल का, याचा विचार करा. तो गेला नाही तर लिहून दिलेली रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. पण ओळखीचा माणूस असेल, विश्वास असेल आणि कागद असेल, तर तुमच्या एका सहीने कोणाच्या घरची चूल पेटती राहते.

पुढच्या पाच तारखेच्या बैठकीत एक काम करा. आपल्या पाड्यातलं कोणी आत आहे का, हे विचारा. लाजेपायी बायका सांगत नाहीत. वहिनीने दोन महिने सांगितलं नव्हतं. "त्याला जामीन झाला आहे का?" एवढा एक प्रश्न विचारा आणि पुढे काय करायचं ते समजलं नाही तर १५१०० लावा. फोन लावायची भीती वाटली तर चौघी मिळून लावा. आम्हीही तसाच लावला होता.

रामराम मैत्रिणींनो. पुढच्या भागात भेटू.